दाट जंगलातल्या शिखरासाठी बेसप्लेट होकायंत्र

आडवाटेच्या शिखरावर निघताना पारदर्शक पट्टीवर बसवलेलं हे बेसप्लेट होकायंत्र माझ्या गळ्यात असतंच. झाडीत शिरलं की माथा दिसेनासा होतो आणि ओल्या पानांच्या छताखाली मोबाइलचं जीपीएसही भरकटतं. या होकायंत्राला बॅटरीच लागत नाही! पारदर्शक पट्टीची कड नकाशावर आपल्या जागेपासून शिखरापर्यंत लावायची, ३६० अंशांची तबकडी फिरवून तिच्या रेषा नकाशाच्या उत्तरेशी जुळवायच्या, की दिशा मिळाली. सुई द्रवात असल्यामुळे झटकन स्थिरावते. धापा टाकत चढताना याची खरी किंमत कळते. अंशांच्या खुणा मात्र बारीक आहेत; झाडाखालच्या अंधुक उजेडात त्या वाचवत नाहीत. मोबाइल लांब ठेवा, त्यातल्या चुंबकाने सुई ढळते. सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर आणि उत्तर ध्रुवाकडची खरी उत्तर यांतला फरक लावायची सोय असलेलंच मॉडेल घ्या.