भाड्याचा स्टार्टर की घरचे बुलपेन? जुलैअखेरच्या एका निर्णयाचा तुलनात्मक आढावा

9 ऑक्टोबर 2024 या एकाच दिवशी अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये दोन सामने असे झाले, ज्यांत जिंकणाऱ्या संघाकडे खऱ्या अर्थाने स्टार्टिंग पिचर (सामना सुरू करून लांब पल्ला चेंडू टाकणारा) नव्हताच. डेट्रॉइटमध्ये टायगर्सनी क्लीव्हलँड गार्डियन्सना 3-0 असे हरवले आणि त्यासाठी सहा पिचर वापरले. सॅन दिएगोमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी पाड्रेसना 8-0 असे हरवले, तेव्हा त्यांचे आठ पिचर मैदानात उतरले. योगायोग एवढ्यावरच थांबत नाही. सुमारे दहा आठवडे आधी, 30 जुलैला, ट्रेडची म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत असताना याच दोन संघांत एक सौदा झाला होता. टायगर्सनी आपला स्टार्टर जॅक फ्लाहर्टी डॉजर्सना दिला आणि बदल्यात ट्रे स्वीनी हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) व थायरन लिरान्झो हा कॅचर, असे मायनर लीगमधले (खालच्या दर्जाच्या स्पर्धांतले) दोन तरुण खेळाडू घेतले. एकाने स्टार्टर घेतला, दुसऱ्याने विकला, आणि ऑक्टोबरात दोघांनाही बुलपेनचेच, म्हणजे स्टार्टरनंतर उतरणाऱ्या राखीव पिचरांचेच, दार ठोठावावे लागले.

पिचर कमी पडू लागले की बाहेरून स्टार्टर आणावा, की घरातल्याच लहानमोठ्या पिचरांत इनिंग वाटून घ्याव्यात, हा प्रश्न दरवर्षी जुलैत येतो. तो संगणकावरच्या संघापुढे येतो, मित्रांच्या फॅन्टसी लीगमध्ये येतो आणि कोट्यवधी डॉलरच्या खऱ्या संघापुढेही येतो. ज्यांना तो सोडवायचा आहे त्यांच्यासाठी या दोन संघांइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण सौदा एकच होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे पुढे काय झाले ते आपल्यासमोर आहे.

आधी हिशेब मांडू. हंगामात 162 सामने असतात आणि सामना साधारण नऊ इनिंगचा (एका इनिंगमध्ये प्रत्येक संघ एकदा फलंदाजी करतो), म्हणजे एका संघाला सुमारे 1,450 इनिंग कोणाकडून तरी टाकून घ्याव्या लागतात. पाच स्टार्टरांनी प्रत्येकी 180 टाकल्या तरी 900च होतात आणि उरलेल्या साडेपाचशे बुलपेनच्या अंगावर पडतात. प्रत्यक्षात पाचही स्टार्टर 180 पर्यंत पोहोचले, असे आता जवळजवळ घडतच नाही. कसोटी मालिकेत जसप्रीत बुमराहला पाचपैकी तीनच सामने खेळवण्याचे आधी ठरवले जाते, तेव्हा आपल्याकडे केवढी चर्चा होते. बेसबॉलमध्ये ही काटकसर रोजची आहे आणि मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत चालते.

डॉजर्सची 2024 मधली अवस्था कागदावर श्रीमंताची होती आणि मैदानावर मात्र ठिगळे लावलेल्या संसाराची. योशिनोबू यामामोतोला 12 वर्षांसाठी 32 कोटी 50 लाख डॉलर देऊन आणले होते. जूनच्या मध्यात त्याचा खांदा दुखावला आणि तो सप्टेंबरमध्ये परतला. त्या हंगामात त्याच्या नावावर 90 इनिंग लागल्या. टायलर ग्लास्नोने कारकिर्दीतला स्वतःचा उच्चांक गाठला, पण तो उच्चांक 134 इनिंगचाच होता आणि पुढे कोपराने दगा दिला. शोहेई ओहतानी कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे त्या वर्षी पिचिंग करणारच नव्हता. टोनी गॉन्सोलिन आणि एमेट शीहान यांच्या कोपरांवर शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. क्लेटन कर्शॉ खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर जुलैच्या अखेरीस आला, सात सामने सुरू करून पायाच्या अंगठ्यामुळे पुन्हा बाहेर बसला. डस्टिन मे आधीच कोपराच्या दुखापतीतून सावरत होता, त्यात सॅलड खाताना त्याच्या अन्ननलिकेला इजा झाली आणि त्याला तातडीने शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. दुखापतींची जोखीम मोजणाऱ्या कोणत्याही तक्त्यात सॅलडचा रकाना नसतो, हेही यानिमित्ताने लक्षात ठेवावे. त्या वर्षी डॉजर्सकडून सर्वाधिक इनिंग टाकणारा गॅव्हिन स्टोन 140 च्या आसपास थांबला आणि तोही हंगाम संपण्याआधी खांदा धरून बसला. अशा संघाने जुलैअखेर स्टार्टर विकत घेतला, तर त्यात चैन नव्हती; गरज होती.

टायगर्सचे चित्र वेगळे होते. त्यांच्याकडे तारिक स्कूबल हा एक निर्विवाद अव्वल डावखुरा होता. त्याने त्या वर्षी 192 इनिंग टाकल्या, 18 विजय मिळवले, 2.39 चा ईआरए राखला, म्हणजे नऊ इनिंगमागे अडीच धावांहूनही कमी दिल्या, आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला. त्याच्यामागे मात्र रांग तुटलेली होती. रीस ओल्सनचा खांदा आणि केसी माइझच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावलेला होता, तर केंटा माएदाला अपयशामुळे बुलपेनमध्ये हलवले होते. अशा वेळी फ्लाहर्टीला विकणे म्हणजे हंगामावर पाणी सोडणे, असेच बहुतेकांना वाटले. ऑगस्टच्या दहा तारखेला संघ 55 विजय आणि 63 पराभवांवर होता. पण त्यानंतरच्या 44 सामन्यांपैकी 31 जिंकून टायगर्स प्लेऑफमध्ये पोहोचले.

हे साधले ते व्यवस्थापक ए. जे. हिंच यांच्या मांडणीमुळे, आणि ती मांडणी पुढे ‘पिचिंग केऑस’ या नावाने ओळखली गेली. स्कूबल आणि बहुतांशी कायडर मॉन्टेरो यांच्या दिवशी सामना नेहमीसारखा सुरू होई. बाकीच्या दिवशी टायलर होल्टन किंवा बो ब्रिस्की यांच्यासारखा बुलपेनमधला पिचर पहिली एक-दोन इनिंग टाकी, मग ब्रँट हर्टरसारखा नवखा तीन-चार इनिंग ओढी, आणि पुढे समोरचा फलंदाज डावखुरा आहे की उजवा हे पाहून माणूस बदलला जाई. 9 ऑक्टोबरचा सामना याचा नमुना होता. मॉन्टेरोने पहिली इनिंग टाकली आणि तो लगेच बाहेर गेला. हर्टरने मधला सर्वांत लांब पल्ला काढला. शेवटी होल्टन आला. होल्टनचा इथे वेगळा उल्लेख करतो, कारण अशी योजना चालवायला एक-दोन नव्हे, चांगल्या नव्वद इनिंग टाकू शकणारा आणि पहिल्या इनिंगपासून नवव्यापर्यंत केव्हाही उतरणारा माणूस लागतो. तो नसेल, तर ‘केऑस’ हा शब्द शब्दशः खरा ठरेल.

आता ज्या गोष्टीकडे चाहते सहसा पाहत नाहीत आणि संघ चालवणारे रात्रंदिवस पाहतात, त्या रोस्टरच्या, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या यादीच्या, नियमांकडे येऊ. माझ्या मते खरा निर्णय इथेच होतो. सक्रिय यादीत 26 खेळाडू असतात आणि त्यांतले पिचर 13 पेक्षा अधिक असू शकत नाहीत. सप्टेंबरमध्ये हे आकडे 28 आणि 14 होतात. दुखापतग्रस्तांच्या यादीत टाकलेला पिचर किमान 15 दिवस परत येऊ शकत नाही. साठ दिवसांच्या यादीत टाकल्यास 40 जणांच्या मोठ्या यादीतली जागा मोकळी होते, पण तो माणूस दोन महिन्यांसाठी गेला. ज्याच्याकडे ‘ऑप्शन’ शिल्लक आहेत, तो पिचर मायनर लीगमध्ये पाठवता येतो आणि परत बोलावता येतो. मात्र एका हंगामात जास्तीत जास्त पाच वेळा, आणि एकदा पाठवला की, कोणाच्या दुखापतीमुळे जागा रिकामी झाल्याशिवाय, 15 दिवस तिथेच राहतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, काल 45 चेंडू टाकून थकलेल्या पिचरला खाली पाठवून आज ताजा हात वर आणायचा, तर खाली-वर करता येतील असे किमान चार-पाच जण हवेत. तेरापैकी नऊ जण ऑप्शन संपलेले जुनेजाणते असतील, तर त्यांच्यातला एकही वगळायचा म्हणजे त्याला दुसऱ्या संघांसमोर मोकळा ठेवायचा. अशा संघाचे बुलपेन नावाजलेले असेल, पण तीन दिवसांत दोन लांबलेले सामने आले की त्याची दमछाक होते.

म्हणून ज्याच्याकडे ऑप्शनवाले पिचर मुबलक आहेत, त्याला टायगर्सचा मार्ग परवडतो. ज्याच्याकडे ते नाहीत त्याला पाच-सहा इनिंग टाकणारा माणूस विकत घ्यावाच लागतो, कारण तो एकटा त्या दिवशी चार जणांना विश्रांती देतो. स्टार्टरची किंमत त्याच्या ईआरएवरून ठरवण्यापेक्षा तो बुलपेनला किती रात्री झोपू देतो यावरून ठरवावी, असे मी म्हणेन.

ऑक्टोबरातली परीक्षा दोघांनाही कठीण गेली. फ्लाहर्टीने डॉजर्ससाठी नियमित हंगामात दहा सामने सुरू केले आणि त्यांतले सहा विजय त्याच्या नावावर लागले. नॅशनल लीगच्या अंतिम फेरीतल्या पहिल्या सामन्यात त्याने मेट्सना सात इनिंग शून्यावर रोखले. त्याच फेरीच्या पाचव्या सामन्यात तीन इनिंगमध्ये आठ धावा दिल्या. वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेच्या, पाचव्या सामन्यात तर यांकीजविरुद्ध तो दुसऱ्या इनिंगमध्येच बाहेर गेला. डॉजर्स पाच धावांनी मागे पडूनही तो सामना 7-6 असा जिंकले, ते पुढच्या सात पिचरांच्या जोरावर. त्यांतला शेवटचा, वॉकर ब्यूलर, दोनच दिवसांपूर्वी स्टार्टर म्हणून खेळलेला होता. बुलपेनच्या भरवशावरचे त्यांचे सगळेच सामने साधले असेही नाही, कारण त्याच मालिकेतला चौथा सामना त्यांनी 11-4 असा गमावला. टायगर्सचा शेवट मात्र त्यांच्या सर्वांत भरवशाच्या हाताकडून झाला. गार्डियन्सविरुद्धच्या मालिकेच्या पाचव्या, निर्णायक सामन्यात लेन थॉमसने स्कूबलला ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार धावा) मारला आणि गार्डियन्स 7-3 असे जिंकले. सहा जणांनी शून्यावर रोखलेला संघ तीन दिवसांनी एकट्या अव्वल पिचरकडून पाच धावा घेऊन गेला. पाच सामन्यांच्या मालिकेवरून पद्धतीचा निवाडा करू नये तो यासाठीच.

2025 मध्ये भूमिका उलटल्या, म्हणून ते वर्षही तुलनेत घेतले पाहिजे. या वेळी टायगर्स आघाडीवर होते आणि त्यांचे जॅक्सन जोब व रीस ओल्सन दुखापतींमुळे गमावलेले होते. त्यांनी ख्रिस पॅडॅक आणि चार्ली मॉर्टन हे स्टार्टर आणले. मॉर्टनला सप्टेंबरमध्येच मोकळे करावे लागले, पॅडॅक बुलपेनमध्ये गेला आणि गार्डियन्सनी साडेपंधरा सामन्यांची पिछाडी भरून काढत विभागाचे विजेतेपद नेले. उलट डॉजर्सनी जुलैअखेर स्टार्टर विकत घेतलाच नाही. ग्लास्नो बरा होऊन परतला आहे, ब्लेक स्नेल लवकरच परतेल, ओहतानी पुन्हा पिचिंग करू लागला आहे आणि यामामोतो उभा आहे, हा त्यांचा हिशेब होता. तो बरोबर निघाला आणि ते पुन्हा विजेते झाले. पण त्याच हंगामात आदल्या ऑक्टोबरात राबलेले इव्हान फिलिप्स, मायकेल कोपेक आणि ब्रुसडार ग्राटेरोल यांपैकी कोणी पूर्ण, तर कोणी बहुतेक काळ दुखापतग्रस्त होते. कारण एकच असेल असे नाही, तरी बुलपेनची उधारी पुढच्या वर्षी वसूल होऊ शकते, एवढे गृहीत धरूनच चालावे.

तेव्हा माझा कल असा आहे. प्लेऑफमधली जागा जवळजवळ पक्की असेल, सप्टेंबरपर्यंत घरचा एकही दुखापतग्रस्त स्टार्टर परतण्याची शाश्वती नसेल आणि मायनर लीगमध्ये ज्यांच्या जागेवर आधीच कोणी ठाण मांडून बसले आहे असे तरुण असतील, तर स्टार्टर घ्यावा. पण चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा थकलेला हात घेऊ नये, ऑक्टोबरात पहिल्या तीनांत बसेल असाच घ्यावा. डॉजर्सचा फ्लाहर्टी या कसोटीला उतरत होता, टायगर्सचा मॉर्टन नाही. संघ काठावर असेल, एक खरा अव्वल पिचर हाताशी असेल आणि बुलपेनमध्ये होल्टनसारखे दोघे तरी असतील, तर विकणाऱ्याने घाबरू नये. अव्वल पिचरही नाही आणि ऑप्शनवाले हातही नाहीत, अशा संघाने टायगर्सची नक्कल केली तर ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातच त्याचे दिवाळे वाजेल.

विकणाऱ्याच्या बाजूची एक जमेची गोष्ट सहसा हिशेबात धरली जात नाही. फ्लाहर्टीचा करार एकाच वर्षाचा, 1 कोटी 40 लाख डॉलरचा होता, म्हणजे तो हंगामाअखेर डेट्रॉइटमधूनही मोकळा झालाच असता. स्वीनी ऑगस्टच्या मध्यात टायगर्सचा शॉर्टस्टॉप झाला आणि संघासोबत ऑक्टोबरपर्यंत खेळला. फ्लाहर्टी वर्ल्ड सीरिजची अंगठी मिळवून फेब्रुवारी 2025 मध्ये दोन वर्षांच्या, 3 कोटी 50 लाख डॉलरच्या कराराने पुन्हा टायगर्सकडेच परतला.