अलाइनमेंटचा कागद हिरवा, गाडी मात्र तिरकीच

व्हील अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवण्याच्या, मशीनमधून निघालेल्या कागदावर सगळे आकडे हिरवे (मर्यादेत) दिसले की गाडी सरळ झाली असं आपण धरून चालतो. माझ्या जुन्या ट्रकच्या बाबतीत त्याच कागदावर मला गंडवलं गेलं, आणि पुढे गॅरेजवाल्याचं पितळही त्याच कागदाने उघडं पाडलं. पुढे अखंड बीम एक्सल (दोन्ही चाकांना धरणारा सलग लोखंडी दांडा) आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेली जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कारवाल्यांना यातलं निम्मं लागू होणार नाही.

तक्रार तशी नेहमीचीच. गाडी डावीकडे ओढायची, सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावं लागायचं. स्टेअरिंगला प्ले (मोकळी हालचाल) होता आणि पुढची टायरं खायला लागली होती. ट्रेडवरून (टायरच्या नक्षीवरून) हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागे, उलट फिरवला की धार बोचे. गाडी आत घेतल्या घेतल्या, खाली वाकूनसुद्धा न बघता गॅरेजवाल्याचं निदान झालं : "शेठ, किंगपिन गेलेत. अलाइनमेंट तर करावंच लागेल." (किंगपिन म्हणजे ज्या पिनेवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती.) मग पुढचं चाक जॅकवर उचलून, टायरखाली पहार घालून हलवून दाखवलं. चाक चांगलंच हललं. डोळ्यांसमोर चाक हलतंय म्हटल्यावर वाद कसला घालणार?

पहिली चलाखी इथेच होती. चाक वर-खाली हलतं ते किंगपिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) झिजल्यामुळे, तसंच चाकाचं बेअरिंग ढिलं असल्यामुळेही. दोन्हींतला फरक कळायला एका माणसाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने चाक हलवायचं. ब्रेक लागला की ड्रम आणि मागची प्लेट एकमेकांना धरून बसतात, बेअरिंगचा ढिलेपणा त्यात लपतो. तेव्हा ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा, आणि तरीही चाक हलत राहिलं तर किंगपिनचा. ब्रेक दाबायला कुणालाच केबिनमध्ये चढवलं नव्हतं. पुढे दुसऱ्या मिस्त्रीने ते केलं तेव्हा हालचाल ब्रेकसरशी बंद झाली. बेअरिंगचा नट नीट बसवला असता तर एवढ्यावर भागलं असतं.

बिलात मात्र दोन्ही बाजूंचे किंगपिन, बुश, थ्रस्ट बेअरिंग, टाय रॉड एंड (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं), वर मजुरी आणि अलाइनमेंट. जुने पार्ट मागितले तर "ते भंगारात गेले". टाय रॉड एंड काळेभोर चमकत होते, म्हणून त्या वेळी विषय वाढला नाही. गाडी चालवून पाहिली तर प्ले गायब आणि स्टेअरिंगही सरळ. ओढणं तेवढं शिल्लक होतं. त्यावर उत्तर तयारच : "रस्त्याचा उतार असतो शेठ, आणि गाडी जुनी आहे. एवढं चालायचंच."

पण एक गोष्ट खटकत होती. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून परत येईना. हाताने ओढून सरळ करावं लागे, आणि एका जागी ते जड व्हायचं. खरोखर नवे किंगपिन नीट बसवले असते तर स्टेअरिंग असं अडायला नको होतं. म्हणून गाडी दुसऱ्या, वयाने बऱ्याच मोठ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने मशीनला हात लावला नाही. आधी कागद मागितला.

कागदावर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने होते. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आधी लाल, नंतर हिरवा. कॅस्टरही (किंगपिनचा पुढे-मागे कल) आधी लाल, नंतर हिरवा. म्हातारा हसायलाच लागला. अशा एक्सलवर रोजच्या अलाइनमेंटमध्ये बदलता येतो तो फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते), तोही टाय रॉड फिरवून. कॅम्बर एक्सलमध्येच घडवलेला असतो. तो बदलायचा तर एक्सलच वाकवावा लागतो. कॅस्टर बदलायचा तर यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे) सोडून पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर घालावी लागते. माझ्या पुढच्या यू-बोल्टच्या नटांवर गंज आणि चिखलाचा थर जसाच्या तसा होता. पान्याचा एक ओरखडा नाही. मग कॅस्टर कुणी बदलला? कागद एक तर दुसऱ्या गाडीचा, नाही तर आकडे नुसते भरलेले.

त्यानंतर त्याने किंगपिन दाखवला. किंगपिन बदलायचा तर चाक, हब, ड्रम सगळं उतरवावं लागतं आणि पिनला अडकवणारी लॉक पिन ठोकून काढावी लागते. त्या लॉक पिनभोवती जुनं ग्रीस धूळ बसून दगड झालेलं. नख लावलं तर खपली निघाली. टाय रॉड एंडचा रंग चिंधीने पुसला तर खाली जुना गंज, आणि नट सुटू नये म्हणून घातलेली कॉटर पिनसुद्धा जुनीच, तिच्यावरूनच रंग मारलेला.

प्ले गेला कसा, हे कळल्यावर मात्र पोटात गोळा आला. स्टेअरिंग बॉक्सवरचा (स्टेअरिंगखालच्या दात्यांच्या पेटीवरचा) ॲडजस्टमेंटचा स्क्रू गच्च आवळून ठेवला होता. त्याच्या लॉकनटवर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. खरा ढिलेपणा ड्रॅग लिंकच्या (बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) बॉलमध्ये होता. एकाने स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खालून एकेक जोडावर हात ठेवायचा, इतक्यात तो सापडतो. बॉक्सचा स्क्रू असा आवळला की आतले दाते अडकून चालतात, लवकर झिजतात, आणि वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही. भरलेल्या गाडीत हे जिवावर बेतू शकतं. पैशांच्या फसवणुकीपेक्षा मला याचाच राग जास्त आहे. शिवाय स्टेअरिंग सरळ दिसावं म्हणून ड्रॅग लिंकची लांबी बदललेली. त्यामुळे चाकं सरळ असताना बॉक्स मध्यावर राहत नव्हता, आणि मध्यावर दाते सगळ्यात घट्ट बसत असल्याने ती जड जागा भलतीकडेच लागत होती.

ओढण्याचं मूळ तर पुढे नव्हतंच. म्हाताऱ्याने टेप काढला आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. डावीकडे ते बोटभर कमी भरलं. मागच्या डाव्या पाट्यांचा सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरून एक्सल जागेवर ठेवणारा) तुटला होता आणि एक्सल त्या बाजूला पुढे सरकला होता. पाट्याच्या बुडाशी एक्सल घासून लोखंड उघडं पडलेलं, चकाकणारा पट्टा स्पष्ट दिसत होता. मागचा एक्सल असा तिरका झाला की गाडी कमी अंतराच्या बाजूला वळू पाहते, ड्रायव्हर उलट धरून ठेवतो आणि त्यात पुढची टायरं घासली जातात. शंका असेल तर ओल्या जागेवरून गाडी सरळ काढा आणि मागे वळून चाकांचे ठसे बघा. पुढची-मागची चाकं एका रेषेत चालत नसतील तर ठशांवरून लगेच कळतं.

मशीनवर चढवण्याआधीचा क्रम त्याचा ठरलेला आहे. टायरची हवा सारखी करणं, पुढची टायरं डावी-उजवी बदलून ओढण्याची बाजू बदलते का ते बघणं, चालवून आल्यावर एकच ड्रम तापलाय का ते तपासणं, मग सगळे जोड, मग मागचा एक्सल. टो सगळ्यात शेवटी. झिजलेल्या जोडांवर टो लावला तर तो पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतो.

पहिल्या गॅरेजवाल्याला कागद आणि फोटो दाखवले. त्याने पोरांवर ढकललं आणि "एकदा फुकट अलाइनमेंट करून देतो" म्हणाला. पैसे काही परत आले नाहीत. त्यानंतर कुठल्याही कामाआधी मी पार्टवर रंगाची खूण करून फोटो काढतो आणि जुना पार्ट हातात आल्याशिवाय बिल देत नाही. काही मिस्त्रींना हे आवडत नाही, त्याला इलाज नाही.

गाडी आता हात सैल सोडला तरी सरळ जाते. सेंटर बोल्टबरोबर यू-बोल्टही नवे घातलेत. सेंटर बोल्ट तुटतो तो बहुतेक वेळा यू-बोल्ट ढिले झाल्यामुळेच, त्यामुळे नवे बसवले की भरलेली गाडी थोडी चालवून ते पुन्हा एकदा आवळून घ्यावे लागतात.