चार वर्षांची बॅटरी: आताच बदलावी की बसेपर्यंत चालवावी?

बॅटरीला साडेतीन-चार वर्षं झाली की प्रश्न येतोच. एका सेल्फमध्ये गाडी सुरू होतेय तोवर चालवायची, की पावसाळ्याच्या तोंडावर बदलून मोकळं व्हायचं? माझं मत सांगतो: चार वर्षं उलटली असतील तर बदला. तीन ते चारच्या मधे असेल तर तपासून ठरवा, आणि तपासताना गाडीचा वापर कसा आहे हेही बघा.

आपल्याकडे साधी लेड-ॲसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं टिकते. सकाळच्या गारव्यात सेल्फ जड झाला की आपण थंडीला दोष देतो, पण बॅटरीची वाट उन्हाळ्याने लावलेली असते. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब धरतात. उष्णतेने आतल्या प्लेटा गंजतात आणि पाणी उडतं. मे महिन्यात ठाण्याच्या कापूरबावडी नाक्यावर रांगेत अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली काय तापत असेल, याचा अंदाज करा.

आता दोन गाड्या बघू. एक रोज घोडबंदर रोडने ये-जा करणारी, दुसरी वाशीच्या सोसायटीत सोमवार ते शुक्रवार उभी, कारण मालक लोकलने जातो. पहिलीची बॅटरी जास्त झिजेल असं वाटतं. उष्णतेचा मार तिला आहेच. शिवाय पावसात रात्री एसी, वायपर, हेडलाइट सगळं चालू आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असेल, तर इंजिनच्या कमी फेऱ्यांवर आल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) पुरेसा करंट देऊ शकत नाही आणि तूट बॅटरीतून भरली जाते. तरीही रस्ता मोकळा मिळाला की ती पुन्हा चार्ज होते.

उभ्या गाडीचं दुखणं वेगळं. सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ मिळून ३० मिलिअँपिअर जरी खेचत असले, तरी तीन आठवड्यांत १५ अँपिअर-अवर गेले. छोट्या पेट्रोल गाडीच्या बॅटरीची क्षमताच असते ३५ अँपिअर-अवर. म्हणजे जवळपास निम्मी रिकामी. अशी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे जमतात आणि क्षमता कायमची घटते. म्हणून ‘गाडी फारशी चाललीच नाही, बॅटरी नवीच आहे’ हे मला पटत नाही. पार्किंगमध्येच पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्याचाही विशेष उपयोग नाही. रविवारी सकाळी पाम बीच रोडने बेलापूरला जाऊन या, अर्धा-पाऊण तास सलग चालू द्या.

तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ ठीक, १२.२ म्हणजे निम्मी. पण एवढ्यावर विसंबू नका. थकलेली बॅटरीही कधी कधी १२.६ दाखवते आणि सेल्फ मारताच कोसळते. त्या क्षणी आकडा ९.६च्या खाली गेला, तर बदलायची वेळ झाली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे नसतील तर आधी आल्टरनेटर आणि बेल्ट दाखवा, नाहीतर नवी बॅटरीही तशीच बसेल. मीटर नसेल तर बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्या.

पैशांचं बघू. ५ हजारांची बॅटरी चार वर्षं चालली, तर महिन्याला शंभरेक रुपये पडतात. सहा महिने आधी बदलली तर सहा-सातशेचं नुकसान. उलट बसेपर्यंत चालवली आणि ती बेसमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर बसली तर? ऑटोमॅटिक गाडीला धक्काही मारता येत नाही. वर अडीनडीला जी मिळेल ती बॅटरी घ्यावी लागते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायची जंपर केबल डिकीत ठेवणारे आणि दिवसभर घराजवळच गाडी वापरणारे थांबू शकतात, त्यांचं फारसं अडत नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी मात्र जास्त जपावं. तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि सेल्फ जड होण्याची सूचना तिथे मिळतच नाही.

बदलायचं ठरलं की जुनीवरचा कोड मोबाईलवर टिपून घ्या. ‘३८बी२०एल’मधला शेवटचा ‘एल’ किंवा ‘आर’ टर्मिनल कुठल्या बाजूला आहे ते सांगतो. तो चुकला तर वायर पोहोचत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर कंपनीने दिलेलीच ईएफबी किंवा एजीएम (अशा वारंवार बंद-चालूसाठी बनवलेली) बॅटरी घ्या, साधी तिथे लवकर मरते. ती महाग आहे, तरी यात काटकसर नको. उत्पादनाचा महिना बघा, सहा-आठ महिने दुकानात पडलेली नको. वॉरंटी ४८ महिन्यांची म्हणत असतील तर फुकट बदली किती महिने आणि त्यापुढे नुसती सवलत किती, हे कार्डावर लिहून घ्या. जुनी बॅटरी दुकानातच द्या: बिलात तिचे पैसे वजा होतात आणि आतलं शिसं भंगारात उघड्यावर वितळवलं जायचा धोकाही कमी होतो.