तिन्हीकडे १९२.१६८.१: वायरगार्ड आणि नेटमॅप, आंब्याच्या हंगामापासून पावसाळ्यापर्यंत

देवगडला आमची आंब्याची पॅकिंग शेड, तारकर्लीला चुलतभावाचं होमस्टे आणि घर रत्नागिरीत. तिन्हीकडे फायबरवाल्याचा डबा (म्हणजे त्याचा राउटर), आणि तिन्हीकडे त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. शेड आणि होमस्टे, दोन्हीकडच्या कॅमेऱ्यांचे एनव्हीआरही (रेकॉर्डर) .६४ वरच, आणि मला ते घरून पाहायचेत. घरच्या लॅपटॉपवर १९२.१६८.१.६४ टाकलं की तो ते घरातल्याच नेटवर्कवर शोधतो, राउटरकडे विचारायलाही जात नाही. म्हणजे नुसतं व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारा खासगी बोगदा) जोडून उपयोग शून्य.

राउटर तुमच्या ताब्यात असेल तर सरळ एका जागेचं १९२.१६८.३७ करा आणि पुढचं वाचूच नका. आमच्याकडे डब्याचा पासवर्ड फायबरवाल्याकडे आणि कॅमेऱ्यांचे पत्ते हातानं टाकलेले, म्हणून हा खटाटोप.

शेडवर आणि होमस्टेवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मुक्त प्रणाली) घातलेला एकेक छोटा राउटर डब्याच्या लॅन पोर्टला लावलाय. सीजीनॅटमुळे (कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते) बाहेरून थेट गाठता येईल असा पब्लिक आयपी कुठेच नाही, म्हणून मध्ये भाड्याचं छोटं व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा सर्व्हर. दोन्ही राउटर आणि माझा लॅपटॉप वायरगार्ड या व्हीपीएननं तिथे येतात. जोडणी जिवंत राहावी म्हणून दर २५ सेकंदांनी कीपअलाइव्हचं छोटं पॅकेट. बाहेरून देवगड १०.२०.१ आणि तारकर्ली १०.२०.२, शेवटचा आकडा बदलत नाही, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं. छोटा राउटर आत जाताना १०.२० चा पत्ता १९२.१६८.१ मध्ये फिरवतो (हेच नेटमॅप) आणि मास्करेड या नियमामुळे विचारणारा म्हणून स्वतःला पुढे करतो. एनव्हीआर त्यालाच उत्तर देतो, डब्याला हात लावावा लागत नाही. फक्त जुन्या लेखांतली आयपीटेबल्सची (फायरवॉलचे नियम लिहायची जुनी पद्धत) ओळ उतरवू नका: २०२२ च्या २२.०३ आवृत्तीपासून ओपनडब्ल्यूआरटीची फायरवॉल तिच्या जागी आलेल्या एनएफटेबल्सवर आहे.

आढी लावलेल्या खोलीतला तापमानाचा सेन्सर, एनव्हीआरचं वेब पान, सगळं पहिल्यापासून छान. अडतं ते ऑनव्हिफवर, म्हणजे कॅमेरे आणि ॲप ज्या सामाईक भाषेत बोलतात तिच्यावर. नेटमॅप पॅकेटच्या हेडरमधला पत्ता बदलतो, आतल्या मजकुरातला नाही. ॲप १०.२०.१.६४ ला गाठतं, व्हिडिओ कुठे मिळेल विचारतं, आणि उत्तर येतं १९२.१६८.१.६४, पोर्ट ५५४. मग ॲप तो पत्ता घरातच शोधत बसतं आणि पडदा काळा. उपाय एकच: आरटीएसपीची (थेट व्हिडिओची) लिंक १०.२०.१.६४ घालून हातानं टाकायची. ॲपमधलं आपोआप शोधणं मल्टिकास्टवर (नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम हाक) चालतं, ते बोगद्यातून येतच नाही. तिथे वेळ घालवू नका.

पावसाळ्याची मला जास्त धास्ती होती. वीज दिवसातून कितीदा जाते ते कोकणातल्याला सांगायला नको. स्वस्त राउटरला घड्याळाची बॅटरी नसते, वीज आल्यावर त्याची वेळ मागे असते. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो, आणि आधीपेक्षा जुना शिक्का समोरचा मान्य करत नाही. म्हणून एनटीपीनं (इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याची सोय) वेळ जुळेपर्यंत बोगदा बंद. आमच्याकडे बोगद्यातून फक्त १०.२० जातं, एनटीपी साध्या इंटरनेटनं, त्यामुळे थोड्या वेळात आपसूक जुळतं. सगळा ट्रॅफिक बोगद्यात घालणाऱ्यांची मात्र पंचाईत: वेळेवाचून बोगदा नाही आणि बोगद्यावाचून वेळ नाही. आता डबा आणि छोटा राउटर दोघांना मिळून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावलाय, तेव्हापासून देवगडला फोन करून "स्विच बंद करून चालू कर रे" म्हणायची वेळ फारशी येत नाही.