डिफ्रन्शियल नवीन करून देतो म्हणाला आणि वडिलांच्या गाडीची मूळ क्राऊन-पिनियन गायब केली

हे लिहायला मला तीन महिने लागले कारण आठवलं की अजून संताप होतो. गॅरेजचं नाव घेणार नाही. पण माझ्यासारखं कुणी जुनी गाडी जीव लावून सांभाळत असेल आणि मागून आवाज यायला लागला म्हणून डिफ्रन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा, उघडायला देणार असेल, तर आधी हे वाचा. त्या डब्यातलं मोठं दातेरी चाक म्हणजे क्राऊन आणि त्याला फिरवणारं छोटं म्हणजे पिनियन.

गाडी वडिलांची. मागच्या चाकांवर चालणारी, ते गेल्यापासून माझ्याकडे. ५० च्या पुढे गेलं की मागून एक घुंssss असा आवाज यायचा, वेग वाढेल तसा वाढायचा. अॅक्सिलरेटर दाबा नाहीतर सोडा, आवाज तोच, वळणावरही फरक नाही. हे आत्ता नीट सांगू शकतोय, तेव्हा एवढं लक्ष दिलं नव्हतं. नुसतं ‘मागून आवाज येतो’ एवढंच जाऊन सांगितलं आणि तिथेच मी अडकलो.

गॅरेजवाला एक चक्कर मारून आला आणि दार उघडायच्या आधीच म्हणाला, साहेब क्राऊन-पिनियन संपली, सेटच टाकावा लागेल, नवीन सेट मिळवून देतो, तुमच्यासाठी करतो. जुन्या गाड्यांवर काम करणारा म्हणून लोक त्याचं नाव घ्यायचे, बोलायलाही गोड, मी अॅडव्हान्स दिला आणि घरी आलो. दोन दिवसांनी त्याने फोनवर फोटो पाठवला, उघडलेलं डिफ्रन्शियल, काळ्या तेलात माखलेलं, खाली लिहिलेलं ‘बघा काय हालत आहे’. मला त्यातलं काय कळणार. काळं दिसलं म्हणजे खराबच असणार असं धरून चाललो.

दहा दिवसांनी गाडी मिळाली. एकदम शांत! इतकी शांत की घरी येईपर्यंत माझे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत. जुने पार्ट मागितले तर म्हणाला भंगारात गेले, तुम्हाला काय करायचेत. बिलावर फक्त ‘डिफ्रन्शियल काम’ आणि रक्कम, ना पार्ट नंबर, ना बेअरिंगचं नाव.

पहिली शंका माझ्या मुलाला आली. तो शेजारी बसून फोनवर नकाशा बघत होता, म्हणाला बाबा काटा ६० दाखवतोय पण फोन ५४ म्हणतोय. आधी दोन्ही जवळपास जुळायचं. इंजिनही त्याच वेगाला जास्त ओरडतंय असं मला वाटत होतं, पण ‘नवीन काम आहे, सेट होईल’ म्हणून सोडून दिलं. मग पिनियनच्या बाजूने तेलाचे थेंब पडायला लागले, आणि काही आठवड्यांतच आवाज परत आला. पण हा वेगळा आवाज होता. अॅक्सिलरेटर दाबला की कुत्रा रडल्यासारखा सूर, पाय काढला की बंद.

परत गेलो तर म्हणे जुनी गाडी आहे साहेब, आवाज येणारच. हेच वाक्य कामाच्या आधी का नाही बोललास, असं मी विचारलं तर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. आयुष्यभर अॅक्सलच उघडलेला माणूस. त्यांनी ड्रेन प्लग काढला आणि ताटलीत जे पडलं ते मी कधी विसरणार नाही. तेल नाही, घट्ट राखाडी लगदा, चिमटीत घेऊन चोळला तर त्यात लाकडाचा भुसा. काका म्हणाले ही लई जुनी युक्ती, गाडी विकणारे करायचे, ग्रीस आणि भुसा भरला की दातांचा आवाज काही दिवस दबतो, पण तेल जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही. या गाडीतले गिअर हायपॉइड, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसते आणि दात एकमेकांवर फिरता फिरता घासतातही, त्यामुळे त्यांना चांगलं हायपॉइडचंच तेल लागतं. त्यात भुसा म्हणजे दातांना सरळ सजा.

कव्हर उघडल्यावर काकांनी चार दातांना निळा रंग लावून क्राऊन फिरवली. खूण दाताच्या मधोमध यायला हवी, इथे पार वरच्या कडेवर येत होती, म्हणजे पिनियन क्राऊनपासून लांब बसलेली, शिम, म्हणजे अंतर जमवायची पातळ चकती, मोजून टाकलीच नव्हती. पिनियनच्या नटामागे जी दबणारी स्लीव्ह असते ती जुनीच परत वापरलेली, ती एकदा दबली की दुसऱ्यांदा कामाची नाही, वर नट गनने मारून आवळलेला. आणि मग त्यांनी क्राऊनची कड फडक्याने पुसली आणि मला जवळ बोलावलं. क्राऊनवर कोरलेला जोडीचा नंबर एक, पिनियनच्या तोंडावर दुसराच. या दोघी कारखान्यात एकमेकींवर घासून जोडी म्हणून तयार होतात, त्यांचं लग्न तिथेच लागतं, एकीला काढून दुसरी बसवली की ती बोंबलणारच. वर क्राऊनचे दात ४१ आणि पिनियनचे ९.

मला अचानक तो फोटो आठवला. फोन काढून काकांना दाखवला, मोठा करून. काळ्या तेलातून क्राऊनची कड दिसत होती, त्यावर ३७-९ आणि शेजारी जोडीचा नंबर. काका बराच वेळ बघत राहिले. दातांवर एक खड्डा नाही, घासल्याची पट्टी बरोब्बर मधोमध. म्हणाले ‘अरे ही तर ठणठणीत होती. तू सांगतोस तसा आवाज दाबल्या-सोडल्याने बदलत नव्हता ना, मग ते बेअरिंग रे, पिनियनचं बेअरिंग. तेवढं बदललं असतं तर झालं होतं.’

म्हणजे ज्या फोटोने मला घाबरवलं तोच फोटो पुरावा निघाला. माझी मूळ चांगली जोडी काढून घेतली, कुणाला तरी विकली असणार, आणि मला त्याच कंपनीच्या जड मॉडेलची, दोन वेगवेगळ्या सेटमधली क्राऊन आणि पिनियन भुशात बुडवून दिली. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो, चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा. ३७ ला ९ ने भागा, ४.११. ४१ ला ९ ने भागा, ४.५६. माझ्या गाडीत काट्याची केबल गिअरबॉक्समधून येते आणि शाफ्ट आता त्याच वेगाला जास्त फिरत होता, म्हणून काटा पुढे पळत होता. मुलाने पहिल्याच आठवड्यात पकडलं होतं, मीच ऐकलं नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, गाडी देण्याआधी एक रिकामा रस्ता बघा आणि आवाज नीट ऐका. दाबल्यावर येतो, सोडल्यावर येतो, का कायम येतो, हे लिहून ठेवा. डावी-उजवीकडे हलकी वळवल्यावर बदलला तर चाकाचं बेअरिंग आधी बघायला सांगा. गाडी जागेवरून सुटताना नुसता धाडकन ठोका येत असेल तर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधाही असू शकतो, त्यासाठी डिफ्रन्शियल उघडायची गरज नाही. आणि रेशो घरीच मोजता येतो. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागचं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, शाफ्टवर खडूची खूण करा आणि ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्टचे जितके फेरे तो तुमचा रेशो. गाडी देताना मोजा, घेताना परत मोजा, दहा मिनिटांचं काम आहे. उघडतील तेव्हा स्वतः उभे राहा, क्राऊन आणि पिनियन दोन्हीचे नंबर पुसून फोटो काढा, जुना पार्ट परत मिळणार हे अॅडव्हान्सच्या आधी कागदावर घ्या. जो यावर चिडेल त्याच्याकडून गाडी तशीच परत आणा, आवाज करत का होईना. प्ले, म्हणजे दातांमधली मोकळी जागा, किती ठेवला हेही विचारा, बऱ्याच गाड्यांत ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असतो, तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असेल. ज्याच्याकडे हे मोजायचं डायल गेज नाही तो अंदाजानेच बसवणार.

त्या गॅरेजवाल्याला फोटो आणि दोन्ही नंबर दाखवले. आधी म्हणाला फोटो दुसऱ्याच गाडीचा, मग म्हणाला पोराने चुकून बदलला असेल. पैसे परत दिले नाहीत. तक्रार लेखी दिली आहे, बघू.

काकांनी एका भंगारातल्या अॅक्सलमधून ३७-९ ची पूर्ण जोडी मिळवली, दोन्हीवर नंबर एकच, बेअरिंगं सगळी नवीन, स्लीव्ह नवीन, आणि मला शेजारी स्टुलावर बसवून गेजचा काटा ०.१५ वर दाखवला. गाडी आता चांगली चालते, काटा आणि फोन परत जुळतात. पण ती वडिलांच्या गाडीची जोडी नाही. ते दर वर्षी स्वतः खाली झोपून तिचं तेल बदलायचे, फिलरमध्ये करंगळी घालून लेव्हल बघायचे, मी टॉर्च धरायचो.

तुम्हाला कुणी सुटी ३७-९ ची क्राऊन-पिनियन विकायला आणली, आणि क्राऊनवर जोडी नंबर २१८ असेल आणि एका बोल्टच्या भोकाशेजारी छिन्नीची छोटी खूण असेल, तर कृपा करून मला कळवा. मागाल ती किंमत देईन.