म्युझिकल थिएटर शिकायचंय: बीएफए की बीए, आणि पैशांचं काय?

इथे अमेरिकेत मार्चमध्ये शाळेच्या म्युझिकलचे प्रयोग संपले की आमच्याकडे फोन येऊ लागतात. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमधून, प्लेन्सबरोहून, एकदा तर थेट टेक्सासमधून. मुलगी किंवा मुलगा अकरावीत, प्रयोगात मोठी भूमिका केलेली, आणि घरी सांगून टाकलेलं असतं की कॉलेजातही हेच शिकायचं. आई-वडिलांचा विरोध नसतो. पण इंजिनिअरिंगला प्रवेश कसा घ्यायचा हे चार जणांना विचारता येतं, इथे विचारायला कोणीच नसतं. आमची लेक या सगळ्यातून गेली आहे, म्हणून फोनवर जे सांगते ते इथे लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. इथे परीक्षा दोन आहेत, एक गळ्याची-अभिनयाची आणि दुसरी घरच्या हिशोबाची. दोन्हींचे परीक्षक वेगळे, आणि ते एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. नाट्य विभागाला तुमचं मूल आवडलं म्हणून आर्थिक मदतीचं कार्यालय पैसे सोडत नाही. आम्ही पहिली यादी केली ती फक्त नावं बघून. हिशोब पुढच्या एप्रिलमध्ये करायला बसलो, आणि तोवर फार उशीर झाला होता.

दोन डिग्र्या, दोन वेगळी आयुष्यं

बीएफए म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, तिच्यात साधारण दोन तृतीयांश अभ्यास कलेचाच असतो. सकाळी बॅले, मग गायन, अभिनय, टॅप, संगीताचं लेखन-वाचन, आणि संध्याकाळी तालीम रात्री दहापर्यंत. बीएमध्ये हे प्रमाण साधारण एक तृतीयांशावर येतं. बाकी वेळात इतिहास शिका, जीवशास्त्र शिका, दुसरा मेजर, म्हणजे मुख्य विषय, घ्या. बीएफए करताना दुसरा मेजर जवळपास अशक्यच. काही ठिकाणी बीएम, म्हणजे संगीताची पदवी मिळते. बाल्डविन वॉलेसमध्ये ती आहे, आणि तिथे संगीतशास्त्राचा भार जास्त असतो.

प्रवेशाची रीतही निराळी. बीएफएचे वर्ग फार छोटे. मिशिगन विद्यापीठात वर्षाला वीस-पंचवीस मुलं घेतात, कार्नेगी मेलनच्या म्युझिकल थिएटरला जेमतेम डझनभर. आणि अर्ज देशभरातून येतात. गुण उत्तम असले तरी ऑडिशन पडली की दार बंद. उलट नॉर्थवेस्टर्नमध्ये नाटकाचा बीए करायला ऑडिशन लागत नाही, प्रवेश अभ्यासावर होतो, आणि म्युझिक थिएटरच्या प्रमाणपत्रासाठी तिथे गेल्यावर वेगळी निवड असते. प्रिन्स्टनमध्ये म्युझिक थिएटर मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून घेता येतं. अशा जागी प्रवेश मिळणंही महाकठीण, पण तिथे मुलाच्या चार वर्षांच्या अभ्यासाला किंमत असते. नव्वद सेकंदांच्या गाण्यावर सगळं अडत नाही.

आणि हो, व्यावसायिक ऑडिशनला कोणी डिग्री विचारत नाही. अभिनेत्यांच्या इक्विटी संघटनेचं सभासद व्हायलाही ती लागत नाही. बीएफए घ्यायची ती रोजच्या रियाजासाठी, शिक्षकांसाठी आणि शेवटच्या वर्षी एजंटांसमोर होणाऱ्या शोकेससाठी.

ऑडिशनचं वर्ष

बारावी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात प्रीस्क्रीनची, म्हणजे प्रत्यक्ष ऑडिशनआधीच्या चाळणीसाठी पाठवायच्या व्हिडिओंची, रेकॉर्डिंग सुरू होतात. आता बऱ्याच कॉलेजांनी एक सामाईक नमुना मान्य केलाय: दोन वेगळ्या ढंगांची गाणी, एक-दोन मोनोलॉग (एकट्याने म्हणायचे नाटकातले उतारे), थोडा नाच, आणि काही ठिकाणी ‘वाइल्ड कार्ड’, म्हणजे तुमच्या आवडीचं काहीही. गाणी आणि मोनोलॉग साधारण ६० ते ९० सेकंदांचे. आमचं रेकॉर्डिंग बेसमेंटमध्ये झालं. मागे निळी चादर, वॉशिंग मशीन बंद, वरचा फ्रिजसुद्धा बंद, कारण त्याची घरघर पट्टीच्या जवळ येत होती. वाइल्ड कार्डसाठी लेकीने पेटी घेतली आणि आजीने शिकवलेल्या नाट्यपदाच्या दोन ओळी म्हटल्या. पुढे दोन ठिकाणी प्रत्यक्ष ऑडिशनमध्ये परीक्षकांनी त्याबद्दलच विचारलं. म्हणून सांगते, आपल्या घरात जे आहे ते लपवू नका. १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल उभं राहिलं, तेव्हापासून आपल्याकडे पात्रं रंगमंचावर गात आलेली आहेत. मुलाला ते माहीत असलं तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं.

तरी एक अडचण खरी होती. आजीचा खडा सूर आणि इथलं बेल्टिंग, म्हणजे म्युझिकलमधलं जोरकस, खुल्या आवाजातलं गाणं, यांत आवाज लावण्याची जागाच वेगळी. दोन वर्षं गाण्याच्या कोचकडे गेली तेव्हा तो सांधा जुळला.

प्रीस्क्रीन पास झालं की जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्यक्ष ऑडिशन. न्यू यॉर्क, शिकागो अशा शहरांत ‘युनिफाइड्स’ होतात, अनेक कॉलेजं एकाच ठिकाणी खोल्या मांडून बसतात. हॉटेलच्या गालिच्यावर शंभर मुलं गळा मोकळा करताहेत, कोणी भिंतीकडे तोंड करून मोनोलॉग घोटतंय, आणि लिफ्टशेजारी मी दशम्यांचा डबा घेऊन उभी, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. खर्च धरून ठेवा. अर्जाची फी, त्यावर कलाविभागाची फी, कोच, विमान, हॉटेल. दहा-बारा कॉलेजं म्हटली की नुसत्या फीचेच हजारावर डॉलर होतात. उत्पन्न कमी असेल तर फी माफ होते, मागायला लाजू नका. आमच्या मते चार-पाच कॉलेजं कमी करून तो पैसा गाण्याच्या शिकवणीवर घालावा.

मदत दोन प्रकारची

एक गरजेवर मिळते, दुसरी गुणवत्तेवर. या दोन्हींतला फरक कळला की यादी आपोआप बदलते.

प्रिन्स्टन, नॉर्थवेस्टर्न यांसारखी विद्यापीठं घरची सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवतात, पण कलेसाठी वेगळी मोठी शिष्यवृत्ती देत नाहीत. प्रिन्स्टनने २०२५-२६ पासून दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्नाच्या बहुतेक कुटुंबांना राहण्या-जेवणासह सगळं मोफत केलंय, आणि अडीच लाखांपर्यंत बहुतेकांना शिक्षण शुल्क नाही. न्यू यॉर्क विद्यापीठ हा मधला अपवाद. तिथल्या टिश या कलाशाळेत बीएफए आहे आणि न्यू यॉर्कमध्ये प्रवेश घेणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांची गरजही विद्यापीठ भागवतं. मात्र ज्यांची ‘गरज’ कागदावर निघत नाही त्यांना वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या वर खर्च येतो. बाकीची बरीच खाजगी कॉलेजं गुण आणि ऑडिशन बघून ठरावीक रक्कम देतात आणि उरलेल्याची हमी घेत नाहीत. दुसऱ्या राज्याचं सरकारी विद्यापीठ तर बाहेरच्या मुलाला जवळजवळ खाजगीइतकंच महाग पडतं. मिशिगनमध्ये बाहेरून गेलात तर वर्षाला ८० हजारांच्या वर. टेक्सासमध्ये मात्र एक चांगला नियम आहे: सरकारी विद्यापीठाने स्पर्धेतून किमान हजार डॉलरची शिष्यवृत्ती दिली, तर बाहेरच्या मुलालाही राज्यातल्या दराने शुल्क लावता येतं. टेक्सास स्टेटमध्ये बीएफए आहे, तेव्हा हे विचारून घ्या.

आता फॉर्म. फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, सगळीकडे लागतो; सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कॉलेजांच्या स्वतःच्या मदतीसाठीचा अर्ज, बऱ्याच खाजगी ठिकाणी. दोन्हींत दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतात, म्हणजे मूल दहावीत असतानाच्या जानेवारीपासून ते अकरावीतल्या डिसेंबरपर्यंतचं. त्या वर्षी शेअर विकले किंवा मोठा बोनस आला तर तो आकडा तुमच्या मागे लागतो. फाफ्सा राहतं घर धरत नाही, सीएसएस प्रोफाइल त्याबद्दल विचारतं.

आणि आपल्या लोकांसाठी खास: पुण्यातला फ्लॅट. राहतं घर सोडून बाकीची स्थावर मालमत्ता, ती भारतात असली तरी, फाफ्सामध्ये गुंतवणूक म्हणून लिहावी लागते. आई-वडिलांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के हिस्सा दर वर्षी कॉलेजसाठी उपलब्ध आहे असं हिशोबात धरतात. दोन लाख डॉलरचा फ्लॅट असेल तर तुमचा वाटा वर्षाला सव्वाअकरा हजारांपर्यंत वाढतो. काही जण म्हणतात, तिकडचं कोणाला कळतंय. सहीखाली तुमचं नाव असतं, तो मार्ग धरू नका. त्यापेक्षा गावाकडे आई-वडिलांच्या औषधपाण्याला पैसे पाठवत असाल तर कागदपत्रांसह पत्र लिहा. सीएसएस प्रोफाइलमध्ये अशा खास परिस्थितीसाठी जागा आहे. आम्ही लिहिलं आणि एका कॉलेजाने त्याचा विचार केला.

व्हिसाचा मुद्दा थोडक्यात. मूल इथे जन्मलेलं असेल तर तुम्ही एच-१बीवर असलात तरी ते फाफ्सा भरू शकतं, त्यात पालकांचा व्हिसाचा दर्जा बघत नाहीत. मूल एच-४वर, म्हणजे पालकांवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत मिळत नाही. थेट महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलालाही नाही, शिवाय या पदवीनंतर ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करण्याची परवानगी, एकच वर्षाची असते. त्यांनी खर्च संपूर्ण घरचा धरूनच निर्णय घ्यावा.

आमच्या टेबलावरचे तीन कागद

पहिला, दूरच्या राज्यातली खाजगी बीएफए. छापील किंमत ७९ हजार, शिष्यवृत्ती वर्षाला २० हजार. विभागातल्या माणसाला फोनवर पैशांचं विचारलं तर ‘ते नंतर बघू’ म्हणाले, आणि शिष्यवृत्तीचं पत्र आलं २४ एप्रिलला. नवरा म्हणाला, ५९ चोक २ लाख ३६ हजार. पण शिष्यवृत्ती गोठलेली आणि शुल्क दर वर्षी वाढणारं. चार टक्के वाढ धरली तर बेरीज २ लाख ५५ हजारांवर गेली. मुलाच्या नावाने सरकारी कर्ज चार वर्षांत फार तर २७ हजार मिळतं. पालकांना सरकारकडून मिळणाऱ्या प्लस कर्जाला १ जुलै २०२६ पासून वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांची मर्यादा आहे. म्हणजे दीड लाखाहून जास्त रक्कम खिशातून, नाही तर खाजगी कर्जाने. आजी व्हिडिओवर ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, ‘बालगंधर्वांची किती वर्षं मंडळीचं कर्ज फेडण्यात गेली, माहीत आहे ना?’

दुसरा, गरज भागवणाऱ्या विद्यापीठातला बीए. आमचं उत्पन्न मधलं, त्यात तो फ्लॅट. मदत धरून वर्षाला ५२ हजार उरत होते. नाव मोठं, अभ्यास उत्तम. पण लेकीची दुखरी बाजू नाच होती. तिला रोज बॅलेच्या सरावाचा बार (आडवा दांडा) धरून कोणीतरी उभं करायला हवं होतं, आणि बीएच्या वेळापत्रकात ते बसत नव्हतं. बाहेर क्लास लावले असते तर तो खर्च निराळा.

तिसरा, आपल्याच राज्यातली सरकारी बीएफए. न्यू जर्सीत माँटक्लेअर स्टेटसारखा पर्याय आहे, कॅम्पसच्या स्टेशनवरून गाडी थेट न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनला जाते. राज्यातल्यांसाठी शुल्क १५ हजारांच्या आसपास. तालमी रात्री उशिरा संपत असल्याने घरून ये-जा जमणार नव्हती, तरी राहणं-जेवण धरून आमचा हिशोब वर्षाला ३५ हजारांच्या आत बसत होता. अडचण एकच: ज्या सरकारी बीएफएवर लेकीचं मन होतं, तिथे ती वेटलिस्टवर होती.

माझं मत विचाराल तर असं. गुण खूप चांगले आणि घरचं उत्पन्न दीड लाखाच्या आत असेल, तर गरज भागवणाऱ्या विद्यापीठांपासून सुरुवात करा. प्रवेश मिळाला तर ते राज्यातल्या सरकारी कॉलेजापेक्षाही स्वस्त पडू शकतं. मुलाला थिएटरबरोबर आणखी काही मनापासून शिकायचं असेल तर बीएच घ्या. हेच आणि एवढंच हवं असेल, तर आपल्या राज्यातली बीएफए यादीत सगळ्यात वर ठेवा आणि दूरच्या खाजगी कॉलेजांत फक्त भरघोस शिष्यवृत्ती देणारी दोन-तीन ठेवा. नोव्हेंबरचा बंधनकारक अर्ली डिसिजन अर्ज, म्हणजे प्रवेश मिळाला तर घ्यावाच लागतो असा, रक्कम नक्की ठाऊक असल्याशिवाय, नको. प्रत्येक कॉलेजाच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता तुम्हाला किती खर्च येईल याचा अंदाज देणारं पान, असतं, अकरावीच्या उन्हाळ्यातच, गाणी निवडण्याआधी, ते भरून बघा. फ्लॅटसकट.

पत्रं हातात आली की विभागाला विचारा: दुसऱ्या वर्षानंतर मुलांना कमी करता का? मेजर बदलला तर शिष्यवृत्ती राहते का? पहिल्या वर्षाला भूमिका मिळतात का? आणि रक्कम कमी वाटली तर दुसऱ्या कॉलेजाचं पत्र जोडून फेरविचार मागा. आम्हाला त्या खाजगी कॉलेजाने चार हजार वाढवून दिले. ते पुरले नाहीत, पण मागितले म्हणून मिळाले.

१ मेपर्यंत उत्तर द्यावं लागतं. जिथे जायचं नाही तिथे मात्र शेवटच्या दिवसाची वाट न बघता, ठरलं की त्याच दिवशी कळवा. वर्गात वीसच जागा असतात आणि वेटलिस्टवरचं कोणाचं तरी पोर दर तासाला पोर्टल उघडून बघत असतं. आमच्या लेकीची जागा २९ एप्रिलला दुपारी मोकळी झाली.