गाजर गवताचं विष उतरवणारं औषध विकत घेण्याआधी तिसरी वाटी मागा

माण तालुक्यात शेळ्या-मेंढ्यावाल्यांच्या वस्त्यांवर एक माणूस बाटल्या घेऊन फिरतोय. आमच्या भावकीला त्याने लुबाडलं. तुमच्या दारात आला तर सावध राहा.

आमच्या कुरणात अंजन गवत आणि स्टायलो (शेंगवर्गीय चारा) होतं. पुण्यात 1950 च्या दशकात पहिल्यांदा दिसलेलं हे गाजर गवत (म्हातारी माणसं काँग्रेस म्हणतात) पावसाळ्यात असं माजलं की चारा दिसेना. हा म्हणाला, "याचं विष मातीत सात वर्षं राहतं. आधी ते उतरवा, मगच पेरा." पुरावाही दाखवला. दोन वाट्यांत मूग. एकीत गाजर गवताच्या पाल्याचा दाट अर्क, दुसरीत साधं पाणी आणि त्याच्या औषधाचे चार थेंब. पहिल्या वाटीतले मूग फुगले, पण रुजले नाहीत. एखाद्याला आखूड, तपकिरी टोकाचं मूळ. दुसरीत पांढरे मोड. लोकांनी लगेच पैसे मोजले. बिल मागितलं तर "पुढच्या खेपेला".

पहिली वाटी खरीच होती. गाजर गवतात पार्थेनिन नावाचं कडू द्रव्य असतं, शिवाय फेनॉलिक आम्लं. पाला कुजला, पावसाने धुतला गेला की ती मातीत उतरतात. शेजारच्या गवताचं बी नीट उगवत नाही, मुळं खुरटतात, शेंगवर्गीय चाऱ्याच्या मुळांवर गाठी कमी धरतात. पण सात वर्षं ही निव्वळ थाप. पार्थेनिन मातीत काही दिवसांतच मोडतं. टिकून राहतं ते बी, आणि एक झाड 10,000 च्या वर बी टाकू शकतं.

शेतकी शिकणाऱ्या माझ्या भाचीने आणखी दोन वाट्या मांडल्या. एकीत तोच अर्क आणि त्यातच औषध: मूग रुजलेच नाहीत. दुसरीत नुसतं पाणी: मोड तितकेच टपोरे. त्या बाटलीने काहीही होत नव्हतं.

त्याचा फोन आता बंद आहे. लेबलवर उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, परवाना, काहीच नाही. न फोडलेल्या बाटल्या आम्ही तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रारीसोबत दिल्या आहेत. तुमच्याकडे असतील तर फेकू नका, लेबलचे फोटो काढा. आणि गाजर गवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटा. चाऱ्याचं बी त्यानंतर टाका.